मोजमापाबाहेरचं हृदय

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं मुद्रित रूप)



दुसरं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. लंडनच्या रस्त्यांवर दुमजली बस धावत होत्या आणि जेरी मॉरिस नावाचा एक डॉक्टर त्या बसमधल्या दोन माणसांचा हिशेब मांडत होता. एक ड्रायव्हर, दुसरा कंडक्टर. नोकरी एकाच संस्थेत, राहणीमान साधारण एकाच थरातलं. फरक एवढाच, की ड्रायव्हर पाळीभर बसून असायचा आणि कंडक्टर तिकिटं देत दिवसाला पाच-सहाशे पायऱ्या चढायचा-उतरायचा. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मॉरिसचा निबंध छापून आला. वाहतूक खात्यातल्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या नोंदी तपासून त्याने दाखवून दिलं, की कंडक्टरला हृदयविकार कमी होतो आणि झालाच तर उशिरा होतो. ‘हालचाल हृदयाला चांगली’ हे आज कोणीही सांगेल. त्या सांगण्यामागे भक्कम आकडे उभे राहिले ते या बसच्या जिन्यामुळे.

मॉरिसचा ड्रायव्हर निदान पाळी संपली की उठून घरी चालत जाऊ शकत होता. ज्याला उठताच येत नाही, किंवा कुबड्या टेकत जेमतेम घराबाहेर पडता येतं, त्याच्या हृदयाचं काय होत असेल, हा प्रश्न पुढे बरीच वर्षं फारसा कोणी विचारला नाही. अपंगत्व हे पायाचं, पाठीचं, डोळ्याचं किंवा मेंदूचं प्रकरण; हृदयाची ओपीडी वेगळ्या मजल्यावर. पोलिओ झालेल्याला अस्थिरोगतज्ज्ञाने बघावं, कॅलिपर बसवून द्यावं, की वैद्यकाचं काम संपलं.

काम संपलेलं नसतं, हे आता आकडे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांच्या आरोग्यावर मोठा अहवाल काढला. जगात सुमारे १३० कोटी, म्हणजे दर सहांपैकी एक माणूस लक्षणीय अपंगत्व घेऊन जगतो. मधुमेह आणि पक्षाघाताचा धोका या माणसांना दुप्पट असतो आणि त्यांच्यातले काही जण इतरांपेक्षा तब्बल २० वर्षं आधी मरण पावतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१४ साली दिलेल्या माहितीनुसार तिथल्या अपंग प्रौढांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह किंवा कर्करोग असण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट आहे.

यातला काही भाग मूळ दुखण्याचा आहे, काही गरिबीचा. पण एक मोठा हिस्सा तिसऱ्याच कारणाचा आहे, आणि आजचं व्याख्यान त्याच्याबद्दल आहे. हृदयविकार ओळखण्याची आपली जवळजवळ सगळी साधनं चालत्या, बोलत्या आणि दुखलं की सांगू शकणाऱ्या माणसाच्या मापाने घडली आहेत. ज्याचं शरीर त्या मापात बसत नाही, त्याचा धोका कागदावर येतच नाही.

पाय गेला, पुढे?

इस्रायलच्या सैन्यात १९४८ ते १९७४ या काळात जखमी होऊन पाय गमावलेल्या २०१ जवानांचा २४ वर्षं मागोवा घेतला गेला. १९९८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी त्याच वयाचे धडधाकट पुरुष घेतले होते. त्यांच्यातले १२.१ टक्के या काळात वारले, तर पाय गमावलेल्यांतले २१.९ टक्के. तफावत पडली होती ती मुख्यतः हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी. ही माणसं आजारी म्हणून अपंग झालेली नव्हती. सैन्यात घेताना तपासून घेतलेली तरुण पोरं होती ती.

हयात असलेल्यांच्या रक्तात इन्सुलिनचं प्रमाण जास्त आढळलं. रक्तातल्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे मांडी आणि पोटरीचे स्नायू. ते गेले किंवा निकामी झाले, की साखर खपवण्यासाठी शरीराला जादा इन्सुलिन ओतावं लागतं, चरबी पोटाभोवती साठू लागते आणि धमन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होत राहते. हे सगळं कुठलीही तक्रार न करता वर्षानुवर्षं चालू राहतं.

आपल्याकडे ही साखळी बऱ्याचदा उलट्या बाजूने सुरू होते. पाय कापावा लागतो तो युद्धात नव्हे, मधुमेहात. बोटाला जखम होते, चिघळते, काळी पडते, आणि एक दिवस घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या वर कापावं लागतं. ज्या रोगाने पायाच्या धमन्या तुंबवल्या, तो हृदयाच्या धमन्या सोडत नाही. म्हणजे असा रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो तेव्हाच हृदयरोगी असण्याची दाट शक्यता असते. पण घरच्यांचं आणि डॉक्टरांचंही सगळं लक्ष पायावर. जखम भरली का, कृत्रिम पाय कधी बसणार, काठी लागेल का. त्यात मांडीपासून बसवलेल्या कृत्रिम पायावर चालायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. हृदयाची तपासणी न करताच माणसाला त्या कष्टाला जुंपलं जातं.

मणका आणि हृदय

१ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग उघडला. प्रमुख होते लुडविग गुटमान, नाझी जर्मनीतून निसटून आलेले ज्यू मेंदूशल्यविशारद. तोवर अशा रुग्णांचं भवितव्य ठरलेलं असायचं. पाठीला जखमा, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग, आणि थोड्याच काळात मृत्यू. गुटमान यांनी रुग्णांना ठरावीक तासांनी कुशीवर वळवायला लावलं, लघवीची व्यवस्था काटेकोर केली आणि त्यांच्या हातात धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत असताना, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांनी तिरंदाजीची स्पर्धा खेळली. आजच्या पॅरालिम्पिकचं मूळ ते.

पाठीच्या जखमांनी मरणारे लोक जगू लागले, चाळिशी-पन्नाशीला पोचले, आणि तिथे हृदयविकार वाट पाहत होता. कॅनडातल्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातल्या ६० हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून २०१३ साली निष्कर्ष निघाला, की वय आणि लिंगाचा फरक जमेस धरूनही मज्जारज्जूला इजा झालेल्यांमध्ये हृदयविकाराची शक्यता सुमारे २.७ पट आणि पक्षाघाताची ३.७ पट आहे.

यात निव्वळ बसून राहण्याचा दोष नाही. हृदयाला वेग देणाऱ्या मज्जातंतूंची वाट छातीच्या वरच्या मणक्यांतून जाते. तिच्या वर इजा झाली तर माणसाने कितीही जोर लावला तरी नाडी साधारण १२०-१३० च्या पुढे जाताना कष्टते. रक्तदाबाचा लगामही सुटलेला असतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याहून वरच्या इजेत एक विलक्षण संकट उद्भवतं, त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. मूत्राशय तुंबल्यावर हे कसं घडतं, याचं सविस्तर वर्णन गुटमान आणि व्हिटरिज यांनी १९४७ साली केलं.

प्रत्यक्षात ते असं दिसतं. खुर्चीतल्या माणसाच्या लघवीच्या नळीला मांडीखाली पीळ पडतो. त्याला खाली काहीच जाणवत नाही. दहा मिनिटांत डोकं ठणकू लागतं, चेहरा लाल होतो, मानेवर घाम फुटतो आणि रक्तदाब २०० च्या पुढे जातो. वेळीच आवरलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पहिला उपाय औषधाचा नसतोच. त्याला ताठ बसवायचं, पट्टा आणि कपडे सैल करायचे, नळीचा पीळ काढायचा. बहुतेक वेळा आकडा झरझर खाली येतो. हे माहीत नसलेला माणूस मात्र ‘चक्कर आली’ समजून रुग्णाला आडवं करतो, आणि नेमकं तेच घातक ठरतं.

केसपेपरवरचे रकाने

आता कुठल्याही शहरातली साधी तपासणी डोळ्यांपुढे आणावी. व्हीलचेअरवरचा एक पन्नाशीचा गृहस्थ दवाखान्यात येतो. नर्स विचारते, “वजन किती?” तो म्हणतो, “साठ-पासष्ट असेल.” ती ६० लिहिते. काट्यावर उभं राहता येत नाही, म्हणून त्याचं शेवटचं खरं वजन अपघाताच्या आधीचं, पंधरा वर्षांपूर्वीचं असतं.

समजा कोणी उचलून वजन केलंच, तर त्यावरून काढलेला बीएमआय दगा देतो. कंबरेखालचे स्नायू झडलेले असतात, त्यांची जागा चरबीने घेतलेली असते. स्नायू चरबीपेक्षा जड, त्यामुळे काटा कमी दाखवतो आणि डॉक्टर समाधान व्यक्त करतात. मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी स्थूलतेची रेषा बीएमआय २२ वरच ओढावी, असं कॅनडातल्या संशोधकांनी २००९ साली सुचवलं. सर्वसाधारण तक्त्यात ३० चा आकडा असतो, भारतीयांसाठी २५ चा. २३ चा बीएमआय असलेला हा गृहस्थ त्या दोन्ही तक्त्यांत स्थूल ठरत नाही.

पुढचा रकाना रक्तदाबाचा. वरच्या मणक्याला इजा असेल तर वरचा आकडा एरवी ९० ते ११० च्या घरात असतो. तपासताना तो १३५ आला, की ‘अगदी नॉर्मल’ असा शेरा पडतो. त्या माणसासाठी ती धोक्याची उसळी असू शकते.

मग प्रश्न येतो, “जिना चढताना दम लागतो का?” त्याने पंधरा वर्षांत जिना पाहिलेला नाही. “छातीत दुखतं?” वरच्या इजेत हृदयाची वेदना मेंदूपर्यंत पोचेलच असं नाही. हृदयविकाराचा झटका तिथे नुसती मळमळ, घाम, पायांचे वाढलेले आचके अशा रूपात येऊन जाऊ शकतो. शेवटी स्ट्रेस टेस्ट. ट्रेडमिल भिंतीशी उभी असते आणि कागदावर लिहिलं जातं, ‘रुग्ण अक्षम, चाचणी करता आली नाही’. वास्तविक हातांनी फिरवायचे पेडल असलेलं यंत्र असतं. हृदयावर औषधाने ताण देऊन इको काढण्याची सोयही मोठ्या शहरांत आहे. पण ती मागावी लागते, आणि मागण्यासाठी ती आहे हे आधी माहीत असावं लागतं.

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या मुलांमध्ये हेच आणखी तीव्रतेने दिसतं. त्यांच्या हातापायांचे स्नायू ज्या प्रथिनाच्या अभावी झिजतात, त्याच अभावाने हृदयाचा स्नायूही झिजतो. बारा-तेराव्या वर्षाच्या आगेमागे मूल खुर्चीत बसतं आणि हृदय अशक्त होऊ लागल्याची खूण दिसण्याचा मार्ग बंद होतो, कारण दम लागेल असं काही ते करतच नाही. म्हणून तक्रार नसतानाही दरवर्षी हृदयाची तपासणी आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास हृदयाला आधार देणारं औषध, असं मार्गदर्शक सूत्र ठरलं आहे.

ऑपरेशन कोणाचं करायचं?

डाऊन सिंड्रोमची गोष्ट वेगळी आहे. या बाळांपैकी ४० ते ५० टक्क्यांना जन्मतः हृदयदोष असतो. विशेषतः हृदयाच्या मधल्या पडद्यातच मोठी फट राहिलेली असते. याच माणसांच्या धमन्यांत पुढे चरबीचे थर मात्र इतरांपेक्षा कमी साठतात. तेव्हा प्रश्न पहिल्या काही महिन्यांतल्या शस्त्रक्रियेचा असतो. उशीर झाला तर फुप्फुसांतला रक्तदाब कायमचा चढतो आणि ऑपरेशनची संधी हातची जाते.

कित्येक वर्षं ही शस्त्रक्रिया या मुलांना नाकारली जायची. कारण तांत्रिक नसायचं. ‘कशाला एवढा खर्च नि त्रास’ हा विचार असायचा. ती सर्रास होऊ लागली आणि अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान १९८३ मधल्या २५ वर्षांवरून आता ६० च्या आसपास पोचलं. तरीही १९९५ साली कॅलिफोर्नियात डाऊन सिंड्रोम असलेल्या एका महिलेला हृदय-फुप्फुस प्रत्यारोपण दोन केंद्रांनी नाकारलं. नंतरची औषधं तिला सांभाळता येणार नाहीत, अशी शंका पुढे करण्यात आली. गदारोळ झाला आणि जानेवारी १९९६ मध्ये तिची शस्त्रक्रिया पार पडली.

मनोविकार असलेल्यांच्या वाट्याला हेच येतं. गंभीर मनोविकार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्याचं मोठं कारण हृदयविकार आहे. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, सिगारेट सुटत नाही, हे खरंच. पण झटका आल्यावर इस्पितळात काय होतं? २००० साली ‘जामा’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या १ लाख १३ हजार हृदयविकार रुग्णांचा अभ्यास आला. मनोविकार नसलेल्यांपैकी १६.८ टक्क्यांची अँजिओप्लास्टी झाली, मनोविकार असलेल्यांपैकी ११.८ टक्क्यांची. बायपासचे आकडे १२.६ आणि ८.२.

दारातूनच परत पाठवणं हा आणखी सोपा प्रकार. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत संशोधकांनी अमेरिकेतल्या चार शहरांत २५६ विशेषज्ञांच्या दवाखान्यांना फोन केले. रुग्ण काल्पनिक होता. एक बाजू लुळी, वजनदार, व्हीलचेअरवर, तपासणीच्या टेबलावर स्वतः चढू न शकणारा. ५६ दवाखान्यांनी सांगितलं, आम्हाला जमणार नाही. बहुतेकांची इमारत ठीकठाक होती. खुर्चीतून टेबलावर घेण्याची सोय किंवा माणूस नव्हता. २०२१ मध्ये ७१४ अमेरिकी डॉक्टरांचं सर्वेक्षण छापून आलं. त्यातले ८२ टक्के म्हणाले, की गंभीर अपंगत्व असलेल्यांच्या जगण्याचा दर्जा खालचा असतो. अशा रुग्णांना इतरांइतकीच चांगली सेवा देऊ, असा पक्का विश्वास ४१ टक्क्यांनाच होता. अपंगांसाठी १९९० पासून कडक कायदा असलेल्या देशातली ही स्थिती.

पेटकरांचं पाणी

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून जखमी झाले. एक गोळी मणक्यापाशी रुतली, कंबरेखालचं शरीर लुळं पडलं. इलाजाचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ‘चंदू चॅम्पियन’ या चित्रपटामुळे नव्या पिढीला त्यांचं नाव कळलं.

त्यांची कहाणी जिद्दीची म्हणून सांगितली जाते. वैद्यकाच्या नजरेने बघितलं तर ती उपचाराचीही आहे. पाण्यात शरीराचा भार हलका होतो आणि खांदे-दंड-छाती एवढ्या स्नायूंवर हृदयाला पुरेसं काम देता येतं. मज्जारज्जूला इजा झालेल्या प्रौढांसाठी २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेलं प्रमाण फार मोठं नाही. तब्येत राखायला आठवड्यातून दोनदा २० मिनिटं दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. हृदय आणि साखरेसाठी आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या व्यायामविषयक सूत्रांत प्रथमच अपंगत्व असलेल्यांसाठी स्वतंत्र भाग घातला. एक पथ्य मात्र पाळायचं. खुर्ची ढकलून खांदे आधीच झिजलेले असतात, तेव्हा पुढे ढकलण्याइतकेच मागे ओढण्याचेही व्यायाम हवेत.

आणि हे सांगणारं कोणी हवं. सीडीसीच्याच पाहणीत डॉक्टरने व्यायाम करायला सांगितलेल्या दिव्यांगांनी तो करण्याची शक्यता ८२ टक्क्यांनी जास्त होती. डॉक्टरने तसं सांगितलं होतं ते फक्त ४४ टक्क्यांना.

आपल्या गावात

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. देश पोलिओमुक्त ठरला २७ मार्च २०१४ रोजी, पण साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत पोलिओ झालेली मुलं आज चाळिशी ते पासष्टीत आहेत. बरोबर हृदयविकाराच्या वयात. त्यातून दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांच्या सुमारे सहा वर्षं आधी येतो. ‘इंटरहार्ट’ अभ्यासात ते सरासरी वय ५३ भरलं, बाकीच्या देशांत ५९.

कायदा हाताशी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या २५ व्या कलमात सरकारी आणि खासगी इस्पितळांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य लिहिलेलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोम आणि जन्मजात हृदयदोष या दोन्हींची तपासणी येते. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचा कार्यक्रम गावोगाव चालू आहे. आशाताई फॉर्म आणि टेप घेऊन घरोघर जातात. टेपने कंबर मोजायला कोणाला उभं राहावं लागत नाही. आडवं पडून घेतलेलं मापही चालतं.

ही तपासणी करायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं शिबिर. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या कार्डासाठी दिव्यांग व्यक्ती रिक्षा करून, कोणाच्या तरी पाठंगुळीला बसून जिल्हा रुग्णालयात येते. तज्ज्ञ पाय बघतात, डोळे बघतात, टक्केवारी ठरवतात. अपंगत्वाच्या टक्केवारीला रक्तदाब लागत नाही, म्हणून दंडाला पट्टी बांधली जात नाही. त्याच रांगेत एक टेबल वाढवलं, तर रक्तदाब, बोटातून साखर, कंबरेचं माप आणि तंबाखूची चौकशी पाच मिनिटांत होते. कार्ड नव्याने काढताना किंवा नूतनीकरणाला पुन्हा तेच, म्हणजे जुन्या आकड्याशी नवा ताडून बघता येतो.

ग्रामपंचायती, नगरपालिका आणि महापालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. त्यातून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयासाठी जमिनीलगतचा, दोन्ही बाजूंना उतार असलेला वजनकाटा मागावा. बाजार समितीत गोण्या तोलतात त्याच जातीचा. खुर्चीसकट माणूस वर घ्यायचा, मग रिकामी खुर्ची तोलून वजाबाकी करायची आणि तो आकडा तारीख टाकून केसपेपरवर लिहायचा. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा ठराव मांडायला कोणाच्याही परवानगीची वाट पाहावी लागत नाही.